सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाने जंगल व्यवस्थापनासाठी कोणती पुस्तकं वाचावीत?

पुस्तकांआधी आपल्या वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे वर्किंग प्लॅन, वाचा. तुमच्याच जंगलाची कक्षनिहाय, म्हणजे वनविभागाने आखलेल्या एकेका तुकड्याची, माहिती तिच्यात असते: झाडोरा कोणता, पुनरुत्पादन कसं, मागे तोड कधी झाली. ती कोणत्याही पुस्तकात मिळायची नाही. गावाचा आराखडा करताना आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग याच जाडजूड, कंटाळवाण्या दस्तऐवजाचा झाला.

मग ही दोन, दोन्ही इंग्रजीत:
- चॅम्पियन आणि सेठ यांचं भारतीय वनप्रकारांचं सर्वेक्षण (1968). 16 मुख्य गट दिलेत. आपला गट तेवढा वाचला तरी पुरे.
- ट्रूप यांचे भारतीय वृक्षांच्या वनवर्धनावरचे, म्हणजे जंगलातली झाडं वाढवण्याच्या शास्त्रावरचे, तीन खंड (1921). बी कधी पडतं, रोप सावली किती सोसतं, तोडल्यावर खोडाला फुटवे येतात का, हे जातवार सांगितलंय. शंभर वर्षं झाली, तरी सागाच्या फुटव्यांबद्दल वाचायला मी आजही तिथेच जातो.

मात्र ट्रूप यांची नजर सरकारी लाकूडउत्पादनाची आहे. मोहफुलं, तेंदूपानं, चारोळी यांवर जगणाऱ्या गावाने त्यांचं झाडांचं ज्ञान घ्यावं. काय राखायचं ते ग्रामसभेतच ठरवावं. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींची पुस्तकं जरूर वाचा, पण व्यवस्थापनासाठी नव्हे, जंगल बघायला शिकण्यासाठी.