बंपरला चीर गेली, तरी खिसा फाटू देऊ नका

या वेळी आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त बंपरचेच निघाले. शहरात गाड्या वाढल्या, पार्किंग तेवढंच राहिलं, त्यामुळे नवल नाही. निवडक प्रश्न घेतो. सारखे होते ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. सोसायटीच्या खांबाला लागून पुढच्या बंपरला वीतभर चीर गेली. आधी झटपट चिकटणारा गोंद लावला, मग मळून लावायचं सील, मग दोन ट्यूबांचं इपॉक्सी. तिन्ही महिन्याभरात सुटलं. माझं काही चुकतंय की माल भेसळीचा आहे? (एक वाचक, इंदिरानगर)

तुमचं चुकलेलं नाही आणि मालही भेसळीचा नसावा. बंपरचं प्लास्टिक गोंद धरणाऱ्या जातीचंच नाही. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलिनचे असतात, त्यात लवचीकपणासाठी थोडं रबर आणि ताठपणासाठी शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली असते. शाम्पूच्या बाटलीचं बिजागरीवालं टोपण आठवा. हजारदा उघडझाप केली तरी तुटत नाही, ते पॉलिप्रॉपिलिनच. त्याच्यावर पाणी पसरत नाही, गोंदही पसरत नाही, नुसता वर बसून राहतो. त्यात बंपर खड्ड्याखड्ड्याला लवतो आणि वाळलेलं इपॉक्सी दगडासारखं ताठ. मग काठाकडून पापुद्रा सुटायला लागतो.

आता एक काम करा. बंपर काढा, नाहीतर खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारा आणि आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं शोधा. ‘पीपी + ईपीडीएम – टी२०’ असं काहीतरी दिसेल. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ईपीडीएम म्हणजे रबर आणि टी२० म्हणजे वीस टक्के भुकटी. (क्रिकेटशी संबंध नाही, हे दरवेळी सांगावं लागतं.) ‘पीपी’ दिसलं की गोंदाचा नाद सोडायचा. हे प्लास्टिक वितळवून जोडतात, चिकटवत नाहीत. पुढची जाळी किंवा चकाकणाऱ्या पट्ट्या बऱ्याचदा एबीएसच्या असतात. ते प्लास्टिक वेगळं, त्याला इपॉक्सी बऱ्यापैकी धरतं.

अक्षरं सापडलीच नाहीत तर आतून नखाएवढा कपचा काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला तर पीपी. काळाकुट्ट धूर आणि काजळी उडाली तर एबीएस. पाण्यात तरंगतं का ते बघा, असं सांगणारे भेटतील. साधं पीपी तरंगतं हे खरं, पण भुकटी जास्त असली की तेच बुडतं. त्या परीक्षेवर विसंबू नका.

प्रश्न : प्लास्टिक वेल्डिंग घरच्या घरी जमेल का? यूट्यूबवर लोक केबल टाय वितळवून भरताना दिसतात. (सिडको आणि नाशिकरोड, दोन वाचक)

जमेल, पण केबल टायने नाही. ते टाय नायलॉनचे असतात. नायलॉन आणि पीपी एकमेकांत मिसळत नाहीत, तेल-पाण्यासारखी गत होते. वरून भरल्यासारखं दिसतं, पहिल्या गतिरोधकाला उघडं पडतं.

भरायला त्याच जातीचं प्लास्टिक हवं, आणि ते फुकट मिळतं. ओळखीच्या गॅरेजच्या मागे फुटक्या बंपरांचा ढीग असतोच. आत तीच अक्षरं असलेला एक तुकडा मागून आणा आणि कात्रीने बोटभर लांबीच्या पट्ट्या कापा. दुसरी वस्तू म्हणजे स्टीलची जाळी. घरातली मोडकी रव्याची चाळणी उत्तम. मैद्याची घेऊ नका, ती इतकी बारीक असते की प्लास्टिक आरपार जात नाही. तिसरी वस्तू साठ वॉटचा, चपट्या टोकाचा सोल्डरिंग आयर्न. पंचवीस वॉटचा रेडिओवाल्यांचा इथे दमतो.

बंपर काढायच्या आधी फोटो काढून ठेवा, फॉग लॅम्पच्या वायरी सोडवा आणि तासभर उन्हात गाडी उभी करा. क्लिपा गरम झाल्या की लवतात. थंडीतल्या सकाळी ओढाल तर निम्म्या तुटतील. चाकाच्या कमानीतले स्क्रू विसरायचे नाहीत, बंपर तिथेच अडतो आणि लोक ओढून ओढून नवी चीर पाडतात.

पहिलं काम चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. चीर जिथे संपल्यासारखी वाटते तिच्या किंचित पुढे. सगळा ताण त्या अणकुचीदार टोकाशी साठतो. भोक गोल असल्याने तो पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही. गॅरेजवालेसुद्धा घाईत हे टाळतात, आणि सहा महिन्यांनी वेल्डच्या पुढे नवी रेघ उगवते.

मग चिरेच्या कडा जुळवून बाहेरच्या बाजूने ॲल्युमिनियमचा टेप मारा आणि बंपर पालथा करा. खरं काम आतून होतं. आयर्नच्या टोकाने चिरेवर इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच काढत चला. बंपरची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असते, निम्म्यावर थांबा. माझा पहिला बंपर इथेच गेला होता. हात दाबला गेला, टोक आरपार निघालं, आणि जिथे केसाएवढी रेघ होती तिथे बोट जाईल एवढं भगदाड पडलं.

खाचेत पट्टी ठेवून ती आणि दोन्ही कडा एकाच वेळी वितळल्या पाहिजेत. नुसती पट्टी वितळून वर सांडली तर ते वेल्डिंग नव्हे, लेप झाला. पीपी साधारण १६५ अंशाला वितळतं, आयर्न त्याच्या कितीतरी वर तापतो. त्यामुळे एका जागी रेंगाळायचं नाही. प्लास्टिकला ओली चकाकी आली की पुढे सरका. पांढरा धूर निघाला म्हणजे जळतंय. जळलेलं प्लास्टिक गार झाल्यावर बिस्किटासारखं मोडतं. हे काम गच्चीवर करा, वारा पाठीकडून घ्या.

खाच भरली की तिच्यावर दोन बोटं रुंदीची जाळी ठेवून आयर्नने दाबा. भोकांतून प्लास्टिक वर आलं पाहिजे, म्हणजे जाळी आत रुतली. वर आणखी थोडं प्लास्टिक पसरून तारांची टोकं झाका. पूर्ण गार झाल्यावर बंपर दोन्ही हातांत धरून हलका वाकवून बघा. जोडासकट एकसंध वाकला पाहिजे.

सगळं मिळून हजारभर रुपयांत बसतं, आणि त्यात आयर्न कायमचा घरात येतो. हात थरथरत असेल तर बंपर सोडवून वेल्डिंगवाल्याकडे न्या. पण समोर उभं राहून त्याला टोकाला भोक पाडायला सांगा.

प्रश्न : वेल्डिंग झालं. आता स्प्रे कॅनने रंग मारला तर चालेल का? गाडी सिल्व्हर आहे. (एक वाचक, गंगापूर रोड)

सिल्व्हर! सगळ्यात हट्टी रंग. त्यातल्या चमकीचे कण कसे बसले त्यावर छटा ठरते. हात जवळ नेला तर गडद, लांब नेला तर फिकट. कॅनने मधला चट्टा रंगवाल तर तो लांबूनच ओळखू येईल. पांढरी किंवा लाल साधी गाडी असती तर म्हटलं असतं, मारा बिनधास्त.

तयारी मात्र घरी करता येते, आणि पेंटरच्या बिलात खरी मजुरी तिचीच असते. बाहेरची बाजू १८० नंबरच्या पेपरने आणि मग ३२० ने घासा, पाणी लावून, सावकाश. पीपी कोरडं घासलं की त्याला लव उठते, ती ब्लेड आडवं धरून खरवडून काढा. मग प्लास्टिक प्रायमर, म्हणजे डब्यावर ‘ॲडहेजन प्रमोटर’ लिहिलेला पाण्यासारखा पातळ थर. हा चुकवला तर वरचा रंग कारवॉशच्या प्रेशरला पापडासारखा उडतो. त्यावर लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) लावायची ती प्लास्टिकसाठीची, लवचीक. पत्र्याची लांबी बंपरवर तडकते. थर कागदाएवढा ठेवा. खड्डा लांबीने भरावा लागत असेल तर वेल्ड नीट झालेलं नाही, मागे जा.

एवढं करून बंपर सुटाच पेंटरकडे द्या. कलर कोड गाडीवरच्या प्लेटवर असतो, बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबाला. पूर्ण बंपर रंगवून घ्या, अर्धा नको. बंपर आणि बॉनेट यांच्यामध्ये फट असते, त्यामुळे उन्नीस-बीस छटा तिथे खपून जाते, सपाट भागाच्या मध्यावर खपत नाही. पार्किंग सेन्सर काढूनच रंग मारायला सांगा. त्यांच्यावर जाड थर बसला की ते उगाच किंचाळतात किंवा मुकेच होतात. आणि जुलै-ऑगस्टात उघड्यावर रंग नको. हवेतल्या ओलीने लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) पांढरट पडतं.

बंपरचा खालचा काळा, खरबरीत भाग रंगवूच नका. तिथे आतून जोड द्या आणि बाहेरची रेघ राहू द्या. तुमच्याशिवाय ती कोणी बघत नाही.

प्रश्न : शोरूमने नवा बंपर ६,००० आणि रंग-फिटिंग ५,५०० सांगितलं. विमा आहेच, पाच वर्षांत एकही क्लेम नाही. क्लेम करू ना? झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही. (एक वाचक, कॉलेज रोड)

थांबा, आधी हिशेब करू. प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी पन्नास टक्के घसारा कापते, म्हणजे बंपरचे ३,००० च धरले जातील. रंगाच्या मालावरही कात्री लागते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये स्वतःचे भरावे लागतात. हातात येतील साडेसहा-सात हजार.

आता दुसरी बाजू. सलग पाच वर्षं क्लेम नाही म्हणजे नो क्लेम बोनस (एनसीबी, प्रीमियमवरची सवलत) ५० टक्के. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी तो शून्यावर येतो, मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत परत ५० वर जायचं. तुमच्या प्रीमियमचा ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग सवलतीआधी ८,००० असेल तर पहिल्या वर्षी ४,००० जास्त जातील, मग २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. बेरीज १०,०००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, पण सात हजारांसाठी हा सौदा कशाला? एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस टिकवणारं कव्हर) घेतलं असेल तर गणित बदलतं, पॉलिसी काढून बघा. हेडलॅम्प, रेडिएटर असं काही सोबत गेलं असतं तर मीच म्हटलं असतं, क्लेम करा.

प्रश्न : बंपर डावीकडून हेडलाइटखाली लोंबतोय. चीर कुठेच नाही. गॅरेजवाला म्हणतो, लॉक तुटलं, बंपर बदला. (एक वाचक, पंचवटी)

लॉक कोणाचं तुटलं, ते त्याला विचारा. बंपरची कड ज्यात अडकते तो ब्रॅकेट फेंडरला लावलेला असतो. तो वेगळा, छोटा प्लास्टिकचा भाग आहे, बंपरच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो, आणि दहातल्या सहा-सात गाड्यांना माझ्याकडे तोच मोडलेला सापडला आहे. बंपरचाच कान (ब्रॅकेटमध्ये अडकणारी कड) तुटला असेल तर तोही वर सांगितल्याप्रमाणे जाळी घालून उभा करता येतो. फक्त सेन्सरची किंवा रडारची बैठक मोडली असेल तर जुगाड नको, तिथे कोन अंशभर चुकला तरी यंत्रणा फसते.

प्रश्न : एकदाच लोखंडी क्रॅश गार्ड बसवून टाकला तर कटकट मिटेल ना? (एक वाचक, सातपूर)

नाही. बंपरच्या मागे फोम आणि धातूचा आडवा बीम असतो, धक्का जिरवायला. गार्ड थेट चॅसिसला बोल्ट होतो आणि धक्का न जिरता पुढे जातो. एअरबॅग कधी उघडायची हा अंदाजही चुकू शकतो. रस्त्यावर आडव्या आलेल्या माणसाचं काय होईल ते वेगळं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात असल्याचं कळवलं होतं. दुकानात मिळतो म्हणजे चालतो असं नाही.

प्रश्न : मुलगी गाडी शिकतेय. मागच्या बंपरला एक चीर पाडून झाली आहे, दुसरी कधीही पडेल. आत्ता दुरुस्त करू की थांबू? (एक आई, देवळाली कॅम्प)

आत्ता फक्त टोकाला भोक पाडून आतून वेल्ड करून घ्या, म्हणजे चीर वाढणार नाही. रंगाला हात लावू नका. तिला बाजारातल्या गर्दीत रिव्हर्स घेता यायला लागलं की दोन्ही चिरांचा रंग एकदमच करा. बंपर एकच आहे, पेंटर पैसे एकदाच घेईल.