आरशाचा स्वतःचा रंग

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिने विचारलं, "लाल कापड लाल प्रकाश परत पाठवतं म्हणून लाल दिसतं. कागद सगळे रंग परत पाठवतो म्हणून पांढरा. मग आरसाही सगळे रंग परत पाठवतो, तो पांढरा का नाही? त्याचा रंग कोणता?" आरशाला रंग नसतो, असं सांगून मी वेळ मारून नेली. तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही.

उत्तर : मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. 'आरशाला रंग नसतो' हे उत्तर मी वर्गात कधी चालवून घेतलं नाही, कारण त्याने प्रश्न सुटत नाही, नुसता मिटतो.

प्रकाश किती परत येतो, हा तिचा हिशेब बरोबर आहे. राहिलंय ते एवढंच, की तो कुठल्या दिशेने परत येतो. कागदात शिरलेला प्रकाश तंतूंमध्ये इकडेतिकडे आपटत वाट्टेल त्या दिशेने बाहेर पडतो. त्यामुळे कागदाच्या एकाच ठिपक्यावरून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशात दिवा, खिडकी, भिंत सगळ्यांची सरमिसळ झालेली असते. ही सरमिसळ आपल्याला पांढरी दिसते. आरशावर मात्र प्रत्येक किरण ज्या कोनात आदळतो (आपतन कोन) तेवढ्याच कोनात (परावर्तन कोन) परततो, म्हणून समोरच्या वस्तूची मांडणी जशीच्या तशी टिकते.

मुलीला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा द्या. चकचकीत बाजू टेबलावर सपाट पसरली तर चेहऱ्याचा अंधूक का होईना आकार दिसेल. आता तोच तुकडा चुरगळून पुन्हा उलगडा. धातू तोच, परत येणारा प्रकाशही जवळपास तेवढाच, पण चेहरा गेला आणि उरली ती करडी-पांढरी चमक. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असते. पृष्ठभागावरचे उंचसखल भाग याहून बरेच लहान असले, तरच त्याचा आरसा होतो.

कोन समान का, हा भाग पाठ्यपुस्तकात नियम म्हणून येतो आणि तिथेच थांबतो, याची मला कायम हळहळ वाटते. धातूत मुक्त इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशलहर आदळली की ते तिच्याच तालावर हलू लागतात, आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतः प्रकाश बाहेर टाकतो. पृष्ठभागावरच्या असंख्य इलेक्ट्रॉनांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. समान कोनाच्या दिशेला त्या एकमेकींना बळ देतात, बाकी दिशांना एकमेकींना पुसून टाकतात. धातूच्या आत जाणारी मूळ लहरही अशीच पुसली जाते, म्हणून चांदीचा शंभरेक नॅनोमीटरचा थर आरशाला पुरतो.

आता रंग. नखाचं टोक आरशाला टेकवा. नख आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसेल. परावर्तन करणारा धातू काचेच्या मागच्या बाजूला आहे, मधली ती फट म्हणजे काच. काचेवर चांदीचा थर रासायनिक रीतीने चढवण्याची पद्धत युस्टुस फॉन लीबिग यांनी 1835 मध्ये शोधली. आज अॅल्युमिनियमही वापरतात. प्रकाश या काचेतून दोनदा जातो, जाताना आणि परतताना. साध्या काचेत लोहाचा थोडा अंश असतो. तो लाल आणि जांभळ्या टोकाचा प्रकाश किंचित जास्त गिळतो, आणि मधला हिरवा त्यातल्या त्यात जास्त शिल्लक राहतो. काचेची कापलेली कड बघा, हिरवी दिसेल.

म्हणजे तुमच्या घरातला आरसा अगदी फिका हिरवा आहे. एका परावर्तनात ते डोळ्याला कळत नाही, म्हणून परावर्तनं वाढवायची. दोन आरसे समोरासमोर उभे करा. आपलंच डोकं मध्ये येतं, त्यासाठी मी प्रयोगशाळेत एका जुन्या आरशामागचा लेप वाटाण्याएवढ्या जागेत खरवडून ठेवायचे आणि मुलांना मागून त्या भोकातून बघायला लावायचे. (खरवडणं मोठ्यांनी करावं.) आरशांच्या मध्ये पांढऱ्या कागदाची पट्टी धरा. जवळची पट्टी पांढरी, त्यामागची जराशी मळकी, आणि दूर जावं तसतशी ती काळपट हिरवी होत जाते. समजा, एका खेपेला हिरवा प्रकाश 90 टक्के परतला आणि लाल 85 टक्के. फरक नगण्य वाटतो. पण वीस परावर्तनांनंतर हिरवा सुमारे 12 टक्के उरतो, लाल जेमतेम 4. रेमंड ली आणि हावियेर एर्नान्देझ-आंद्रेस यांनी साध्या आरशांचं असंच मोजमाप करून 2004 मध्ये प्रसिद्ध केलं. सर्वाधिक परावर्तन आढळलं ते 510 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्यात.

प्रश्न : मग जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा सोन्याचा का? चांदी जास्त चांगली नाही का?

उत्तर : आपल्या डोळ्यांसाठी चांदीच सरस. पण वेब ही अवकाशातली दुर्बीण बघते मुख्यतः अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, आणि सोनं तो उत्तम परावर्तित करतं, शिवाय काळवंडत नाही. 6.5 मीटर व्यासाचा तो आरसा बेरिलियमच्या 18 षटकोनी तुकड्यांचा आहे, त्यावर सोन्याचा थर फक्त 100 नॅनोमीटर जाडीचा. इथे थर पुढच्याच बाजूला आहे, त्यामुळे वाटेत जाड काच नाही आणि लोहाचा हिरवेपणाही नाही. सोनं निळा प्रकाश बराचसा शोषून घेतं, पण वेबची नजर सुरूच होते नारिंगीपासून, तेव्हा निळा गेला तरी तिचं काही बिघडत नाही.