पिल्लू घरभर शू करतं, काय करू?

प्रश्न : दोन महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. घरभर शू करतं, रात्रभर रडतं. सासूबाई म्हणतात, शूमध्ये नाक घासून फटका द्या. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, फटका अजिबात नको, नाक घासणं तर नकोच. या वयात त्याला शू दोनेक तासच धरता येते. मारलंत तर ते फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकेल. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच उचलून बाल्कनीतल्या पेपरवर न्या. फरशी हुंगत गोल फिरलं की समजा, वेळ झाली. तिथे केली की त्याच क्षणी शाबासकी आणि शेंगदाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. घरात केली तर मुकाट्याने पुसा. फिनेल मात्र नको, चाटलं तर विषबाधा होते.

रडण्याचं म्हणाल, तर ते आत्ताच आईच्या, भावंडांच्या उबेतून आलंय हो! आमच्या मोतीला मी पहिले दहा दिवस पलंगाशेजारी खोक्यात, माझ्या जुन्या सुती साडीवर झोपवलं. हात खाली सोडला की बोटं हुंगायचा आणि झोपायचा.

पहिली लस झाली नसेल तर उद्याच डॉक्टरांकडे न्या. पार्व्हो या विषाणूच्या आजाराने पिल्लं दोन-तीन दिवसांतही दगावतात.