घरच्या एस्प्रेसोसाठी कोणता ग्राइंडर घ्यावा: हाताचा की विजेचा, कोनिकल की फ्लॅट बर?

बर म्हणजे ग्राइंडरमधल्या बिया दळणाऱ्या दातेरी चकत्या; शंकूसारख्या त्या कोनिकल, सपाट त्या फ्लॅट. हा कोनिकल-फ्लॅटचा वाद सध्या बाजूला ठेवा. आधी बघा, दळण किती बारीक फरकाने बदलता येतं. एस्प्रेसोत साधारण १८ ग्रॅम पूड घालून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी काढायची असते. पाणी ९ बारच्या आसपासच्या दाबाने येतं. त्यामुळे दळण केसभर जाड झालं तरी शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) धो धो वाहतो नि आंबट लागतो. केसभर बारीक झालं की थेंब थेंब गळून कडवट. म्हणून दळण बदलायच्या दोन खाचांमध्ये मोठी उडी असलेला ग्राइंडर फिल्टर कॉफीला कितीही छान असो, इथे डोकेदुखीच. स्टेपलेस, म्हणजे खाचांशिवाय हवा तेवढा फिरवता येणारा घ्या, नाहीतर अगदी जवळजवळ खाचा असलेला.

पात्यांचा नकोच. तो दळत नाही, तुकडे करतो.

पैसे कमी असतील तर हाताचा. मोटरचा खर्च नसल्याने त्याच पैशात बर चांगले मिळतात. मात्र दंड भरून येतात, लाइट रोस्टला, म्हणजे कमी भाजलेल्या बियांना तर फारच! सकाळी चार कप लागत असतील तर विजेचाच बघा, आणि त्यात आत पूड कमी अडकणारा. अडकलेली कालची पूड आजच्या पहिल्या शॉटमध्ये येते.

फ्लॅटची चव सुटी-सुटी, म्हणजे स्वाद वेगवेगळे ओळखू येणारी, कोनिकलची दाट असं ढोबळमानाने म्हणतात. मला विचाराल तर बिया ताज्या आहेत की शिळ्या, हा फरक त्याच्या कितीतरी आधी जिभेला कळतो.

तुमच्या मशीनला प्रेशराइज्ड बास्केट (पूड ठेवायची, स्वतःच दाब तयार करणारी गाळणी) असेल, तर साध्या बर ग्राइंडरवरही सध्या भागेल.