टोमॅटो ऑगस्टात, बैल जुलैत
वाचकांचे प्रश्न : स्पेन

झोया अख्तर यांचा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ च्या जुलैत आला. इतक्या वर्षांनंतरही स्पेनविषयी येणाऱ्या पत्रांत त्याचं नाव हमखास असतं. या वेळी तीच पत्रं घेतली आहेत. एक पत्र मात्र अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेमुळे आलेलं आहे.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र आहोत. आधी समुद्रात डायव्हिंग, मग टोमॅटोची लढाई, मग विमानातून उडी आणि शेवटी बैलांपुढे धावणं, अशी सिनेमातल्या क्रमाने तीन आठवड्यांची सहल करायची आहे. कोणता महिना निवडावा? (पुणे)

असा महिनाच नाही. पाम्प्लोनाचा सान फेर्मिन उत्सव दरवर्षी ६ ते १४ जुलैला असतो आणि बैलांची धाव ७ तारखेपासून रोज सकाळी. बुन्योलची टोमॅटिना ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी. दोन्हींत जवळपास दीड महिन्याचं अंतर आहे. सिनेमात ते दिसत नाही, कारण टोमॅटोचा प्रसंग खऱ्या उत्सवात टिपलेलाच नाही. तो बुन्योलमध्ये चित्रीकरणासाठी वेगळा उभा केला होता आणि टोमॅटो पोर्तुगालहून आणले होते.

दुसरी गोची नकाशाची. डायव्हिंगचा कोस्ता ब्रावा किनारा ईशान्य टोकाला, विमानातल्या उडीचं सेविया नैर्ऋत्येला आणि बैलांचं पाम्प्लोना पुन्हा वर उत्तरेला. सेवियाहून पाम्प्लोना रस्त्याने नऊशे किलोमीटरहून जास्त, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षाही लांब. पडद्यावर हे अंतर एका गाण्यात संपतं.

तेव्हा दोनांतलं एक निवडा. जुलैत बार्सिलोना, कोस्ता ब्रावा, पाम्प्लोना आणि सान सेबास्तियान असा उत्तरेचा पट्टा दहा-बारा दिवसांत नीट होतो. ऑगस्टअखेर वालेन्सिया, बुन्योल, माद्रिद, सेविया. त्या दिवसांत सेवियात पारा चाळिशीपार जाऊ शकतो, दुपारी दोन ते सात खोलीतच काढायची तयारी ठेवा. आमचं मत विचाराल तर धाव ही बघायची गोष्ट आणि टोमॅटिना ही करायची. हात घालायचाच असेल तर ऑगस्ट.

प्रश्न : माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. बैलांपुढे धावणारच म्हणतो. नोंदणी कुठे करायची? शुल्क किती? (नाशिक)

नोंदणी नाही, शुल्क नाही, आणि खरी अडचण तीच. धावणाऱ्याला कोणी काही शिकवत नाही, कोणी निवडतही नाही. वय अठरा पूर्ण आणि अंगात दारू नाही, एवढंच बघतात. हातात मोबाइल किंवा कॅमेरा दिसला तर पोलिस बाहेर काढतात, दंडही होतो. पाठीवर सॅक आणि पायात चप्पल चालत नाही.

वाट साधारण ८७५ मीटरची. सान्तो दोमिंगोच्या चढावरून सुरुवात होते, पुढे नगरपालिकेचा चौक, मग मेर्कादेरेस, तिथून काटकोनात वळून एस्ताफेता ही लांब अरुंद गल्ली आणि शेवटी बैलांचं रिंगण. धावणाऱ्यांनी साडेसातच्या आत वाटेवर असायला हवं. आठला पाच, तीन आणि एक मिनिट कमी असताना सान्तो दोमिंगोतल्या कोनाड्यातल्या संताच्या मूर्तीपुढे गुंडाळलेली वर्तमानपत्रं उंचावून गाऱ्हाणं गातात. ठीक आठला पहिला फटाका : दार उघडलं. दुसरा : सगळे बैल बाहेर पडले. दोन फटाक्यांमध्ये जास्त वेळ गेला तर समजायचं, कळप फुटला आहे. तिसरा रिंगणात पोचल्याचा, चौथा सगळे आत कोंडल्याचा. झुंजीचे सहा बैल, एकेक पाचशे किलोंच्या वर, आणि सोबत वाट दाखवणारे खच्ची केलेले बैल. सगळं अडीच-तीन मिनिटांत आटपतं.

बैल माणसापेक्षा कितीतरी वेगाने पळतो, त्यामुळे पूर्ण वाट त्याच्यापुढे धावणं कोणालाच जमत नाही. सराईत लोक आपला पन्नास-साठ मीटरचा तुकडा ठरवतात, तेवढं शिंगांपुढे धावतात आणि कडेला होतात. नवखे चुकतात ते इथेच. काही जण मेर्कादेरेसच्या वळणावर बाहेरच्या बाजूला उभे राहतात आणि बैल दगडी फरशीवर घसरून नेमके त्याच कुंपणावर आदळतात. काही जण पडल्यावर उठायला बघतात. पडलात तर पालथं राहायचं, दोन्ही हातांनी डोकं झाकायचं आणि कोणी खांद्यावर थाप मारून सांगेपर्यंत हलायचं नाही. पडलेल्या माणसावरून कळप बऱ्याचदा उडी मारून जातो. उठणारा माणूस मात्र शिंगासमोर येतो. सगळ्यात धोक्याचा तो मागे एकटा राहिलेला बैल. कळपात तो पुढच्याच्या मागे धावतो, एकटा पडला की बिथरून जे हलेल त्यावर जातो.

१९१० पासून या धावेत सोळा माणसं दगावली आहेत, शेवटचा मृत्यू २००९ चा. जखमींतले बहुतेक शिंगाने नव्हे, एकमेकांवर आदळून आणि पडून जखमी होतात. प्रवास विम्यातले 'वगळलेले प्रकार' हे कलम मुलाला आधी वाचायला द्या. बहुतेक पॉलिसी अशा प्रकारांचा खर्च देत नाहीत.

बघायचंच असेल तर तीन जागा आहेत. लाकडी कुंपण दुहेरी असतं. आतलं पोलिस आणि वैद्यकीय पथकाच्या आडोशाचं, प्रेक्षकांनी बाहेरच्यावर बसायचं, आणि त्यासाठी सहापर्यंत पोचायला हवं. एस्ताफेतावरच्या बाल्कन्या भाड्याने मिळतात. सगळ्यात नीट दिसतं ते इथून, पण समोरून कळप जायला काही सेकंदच लागतात, हे ठाऊक असूनच पैसे मोजा. रिंगणाचं तिकीट स्वस्त पडतं. तिथे धाव संपल्यावर शिंगं झाकलेल्या तरण्या गाई सोडतात आणि नवखी पोरं हौस भागवतात. धावलेले बैल त्याच संध्याकाळी त्याच रिंगणात मारले जातात. घरात हे चालणार नसेल तर जाण्याआधीच बोलून घ्या.

मुक्काम गावात न मिळाला, किंवा परवडला नाही, तर सान सेबास्तियान, लोग्रोन्यो किंवा व्हितोरिया यांपैकी कुठेही करा. तिन्ही ऐंशी ते शंभर किलोमीटरवर आहेत. पहाटे साडेचारला निघावं लागेल.

प्रश्न : गर्दी आणि बैल दोन्ही नको. हेमिंग्वेची कादंबरी वाचली आहे, तिच्यातलं पाम्प्लोना बघायचं आहे. काही उरलं आहे का? (कोल्हापूर)

मराठी वाचकाला हेमिंग्वे बहुधा पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे ठाऊक असतो, तुम्ही त्याच्या आधीच्या पुस्तकापर्यंत गेलात. तो पाम्प्लोनात पहिल्यांदा आला १९२३ मध्ये. 'द सन ऑल्सो रायझेस' निघाली १९२६ मध्ये आणि या लहानशा गावाचं नाव जगभर झालं.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा तुमचा काळ. प्लासा देल कास्तियो या मुख्य चौकातलं काफे इरुन्या १८८८ पासून आहे आणि कादंबरीतही आहे. आतल्या आरशांखाली सकाळी दहाच्या सुमारास बसा, तेव्हा गावातले म्हातारे कॉफीला आलेले असतात. कादंबरीतलं माँतोयाचं हॉटेल ज्यावरून घेतलं ते आता नाही, ते शोधत फिरू नका. रिंगणाबाहेर हेमिंग्वेचा अर्धपुतळा आहे.

एक दिवस बुर्गेतेला द्या. ईशान्येला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं हे डोंगरी गाव. कादंबरीतले दोघे ट्राउट पकडायला इथेच राहतात आणि इराती नदीपर्यंत चालत जातात. पूर्ण पुस्तकात निवांतपणा असेल तर तो या पानांत. बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. ऑक्टोबरातही स्वेटर लागेल.

प्रश्न : टोमॅटिनाची तिकिटं, कपडे, खबरदारी? (ठाणे)

२०१३ पासून तिकीट लागतं आणि प्रवेश वीस-बावीस हजारांवर थांबवतात. त्याआधी नऊ-दहा हजार वस्तीच्या गावात चाळीस हजारांवर माणसं येत. तिकीट आधीच काढा, बुन्योलमध्ये पोचून मिळेल या भरवशावर राहू नका. गाव वालेन्सियापासून चाळीसेक किलोमीटर. मुक्काम वालेन्सियातच ठेवा.

सकाळी खांबाला साबण चोपडून वर हॅम टांगतात, लोक चढायचा खटाटोप करतात. दुपारी बाराच्या सुमारास बार उडाला की ट्रक गल्लीत शिरतात. तासाभराने दुसरा बार. त्यानंतर हातातला टोमॅटोही खाली टाकायचा. टोमॅटो आधी मुठीत चेचायचा, मग फेकायचा, नाहीतर तो दगडासारखा लागतो. बाटली नाही, कोणाचा टी-शर्ट ओढणं-फाडणं नाही. ट्रक आला की पाठ भिंतीला.

पायात नाडीचे जुने बूट. घोट्याएवढ्या लगद्यात चप्पल पहिल्या पाच मिनिटांत जाते आणि खालची साल शेवाळासारखी निसरडी असते. पोहण्याचा चष्मा घ्या, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. आंबट रस डोळ्यांत गेला की चोळू नका, हातही त्याच रसाने भरलेले असतात. परतीच्या बसमध्ये ओल्या माणसाला घेत नाहीत, म्हणून कोरडे कपडे आणि मोठी प्लास्टिकची पिशवी सामानघरात ठेवून जा. गावातले लोक नळीने धुऊन देतात, पाणी गार असतं.

प्रश्न : डायव्हिंग आणि विमानातली उडी लागोपाठच्या दिवशी ठेवली तर? (मडगाव)

लागोपाठ नको, मध्ये पूर्ण २४ तास ठेवा. पाण्याखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी चार हजार मीटरवर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. हाच नियम घरच्या विमानालाही. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त असतील तर १८. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करा, कानांतला दाब सुटत नाही. दमा, रक्तदाब किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांचं पत्र इथूनच न्या. उडीला वजनाची मर्यादा असते, ती पैसे भरण्याआधी विचारा.

प्रश्न : गाडी चालवायची आहे. परवाना आणि व्हिसा? (नागपूर)

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो. सोबत मूळ परवाना हवाच. तिथे उजवीकडून चालवतात. चूक हायवेवर होत नाही, पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर निघताना होते. भाड्याच्या गाडीची अनामत क्रेडिट कार्डावर, चालकाच्याच नावाने. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. जुलैत जायचं तर एप्रिलच्या आत अपॉइंटमेंट घ्या.

प्रश्न : 'सेन्योरिता' गाण्यातलं गाव कोणतं? आम्ही शाकाहारी आहोत. (जळगाव)

आलाहार, सेवियापासून शंभरेक किलोमीटरवर, वेल्वा प्रांतातल्या डोंगरात. पांढरी घरं, दगडी गल्ल्या, तासाभरात पायी फिरून होतं. पण हा स्पेनच्या नावाजलेल्या हॅमचा मुलूख आहे, हाबूगो शेजारीच. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं सांगूनही भाजीत हॅमचे तुकडे येतात, कारण कित्येकांच्या लेखी ते मांसात मोडतच नाही. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून' असं तिन्ही सांगा. हामोन म्हणजे हॅम, आतून म्हणजे ट्यूना मासा, तो सॅलडमध्ये न विचारता पडतो.