उजनीच्या गेटची दुरुस्ती निघाली की धरण रिकामं करतात का?

नाही हो, रिकामं वगैरे करत नाहीत. तुम्ही विचारलंय की दरवाजांच्या दुरुस्तीसाठी उजनीचं पाणी सोडून देतील का आणि करमाळ्याकडच्या बॅकवॉटरवर असलेल्या सासऱ्यांच्या मोटारी उघड्या पडतील का. मोटारी पडतील उघड्या, पण त्या तशाही दर उन्हाळ्यात पडतातच, त्याचा दुरुस्तीशी संबंध नाही. मी सोलापुरात राहतो आणि मेहुण्याची शेती तुमच्याच बाजूला आहे, त्यामुळे दोन्हीकडची बोंब कानावर येते.

उजनीचे 41 वक्राकार दरवाजे धरणाच्या पार वरच्या अंगाला आहेत. धरण पूर्ण भरलं की पातळी 496.83 मीटर आणि मृतसाठा लागतो 491.03 ला, म्हणजे उपयुक्त म्हणतात ते सगळं 53 टीएमसी पाणी जेमतेम सहा मीटरच्या थरात आहे, पसारा एवढा मोठा आहे त्याचा. उन्हाळ्यात पाणी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातही बरंच खाली गेलं की दरवाजांना पाणी टेकतच नाही, मग पावसाळ्याआधी निवांत काम चालतं, रबर सील बदला, वायररोपला ग्रीस लावा, गिअरबॉक्स बघा, रंग मारा, लाइट गेली तर जनरेटरवर दरवाजा उचलतो का ते बघा. पाणी असताना एखाद्याच दरवाजाचं काम निघालं तर त्याच्यापुढे स्टॉपलॉग (पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या) टाकून तेवढाच गाळा बंद करता येतो. आणि हे काम टाळून चालत नाही, ऑगस्ट 2024 ला तुंगभद्रेच्या 19 नंबर गेटची साखळी तुटली आणि भरलेल्या धरणाचा दरवाजा वाहून गेला, ते बघितलंच असेल.

मग पातळी उतरते कशाने? आवर्तनाने. कालव्याला पाणी, आणि सोलापूरसाठी भीमेतून सोडतात ते. शहराला एक पाणी उजनीवरून थेट पाइपलाइनने पाकणीला येतं आणि दुसरं नदीतून औज बंधाऱ्यात साठवून टाकळीहून उचलतात. प्यायला लागतं थोडंसंच पण बंधाऱ्यापर्यंत पोचवायला नदीत पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं, त्यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं (माझं मत विचाराल तर नदीतून पाणी आणणं हीच मुळात उधळपट्टी आहे). शिवाय पाणी मध्येच कुणी उचलू नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची लाइट बंद करतात.

सासऱ्यांना एक सांगा, पेपरात मायनस 50 टक्के वाचून घाबरायचं नाही. तो टक्का उपयुक्त साठ्यावर काढतात आणि खाली मृतसाठाच 63 टीएमसीच्या वर आहे. 2024 च्या उन्हाळ्यात मायनस 59 च्या आसपास गेलं होतं तेव्हासुद्धा धरणात साधारण 32 टीएमसी होतं. पण ते काठावरून लांब गेलेलं असतं, तिथेच खरा खर्च, पाइप वाढवा, केबल वाढवा, चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणा, आणि केबल चोरीला जाऊ नये म्हणून रात्री कुणीतरी तिथेच झोपा. तेव्हा पाइप-केबलची तजवीज फेब्रुवारीतच केलेली बरी, मे मध्ये सगळेच दुकानात गर्दी करतात आणि भाव चढतो.

शहरातल्यांचं गणित वेगळं. आमच्याकडे पाणी तसंही काही दिवसांआड येतं, त्यात पाइपलाइन फुटली किंवा पंपहाऊसच्या लाइटचं काम निघालं की आमची पाळी एक दिवस पुढे ढकलली जाते. लोक म्हणतात धरणाचं काम चाललंय, पण धरणाचा काही संबंध नसतो. पातळी फारच खाली गेली की दुबार पंपिंग करावं लागतं, म्हणजे आधी पंपाने पाणी जॅकवेलमध्ये (पाणी उपसायच्या विहिरीत) आणायचं आणि मग तिथून पुढे.

त्यामुळे दुरुस्तीची बातमी आली की आधी बघा काम कशाचं आहे. दरवाजाचं असेल तर बॅकवॉटरवाल्यांना फरक पडत नाही. कालव्याचं असेल तर आवर्तन पुढेमागे होतं, त्याचा फटका खालच्या माढा, पंढरपूर, मोहोळच्या उसाला, तुम्हाला नाही, उलट तेवढे दिवस तुमचं पाणी जागेवर थांबतं. आणि महावितरणचं असेल तर मात्र धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी मोटार बंदच.