वाचकांचे प्रश्न : ढोलीत कोंडलेली मादी

प्रश्न : परसातल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत माडगरुडाची, म्हणजे कवड्या धनेशाची, मादी शिरली आणि ढोलीचं तोंड लिंपलं गेलं. बोटभर उभी फट तेवढी उरली आहे. नर येऊन जातो. मादी अडकली आहे का? लिंपण फोडावं का? (देवरुख)

उत्तर : अजिबात फोडू नका. ते लिंपण मादीनंच आतून केलंय, मुख्यतः स्वतःच्या विष्ठेनं. आत असताना तिची उडण्याची पिसं झडतात. अशात ढोली उघडली तर तिला उडता येत नाही आणि पिल्लंही उघडी पडतात. मार्च ते जूनच्या दरम्यान नर फटीतूनच सगळ्यांना भरवतो. माणसं खोडापाशी उभी राहिली तर तो चोचीत फळ घेऊन लांबच बसून राहतो. तेव्हा निदान शंभर फुटांवरून बघा. दिवसभरात नर फिरकलाच नाही, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : त्याच झाडाची ढोली सिमेंटनं बुजवली तर झाड टिकेल का?

उत्तर : बुजवू नका. सिमेंटमागे पाणी साचतं आणि कुजणं थांबत नाही. शिवाय धनेशाला सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून गाभा कुजला की वर्षानुवर्षांनी जी पोकळी होते, तिच्यावरच त्याची भिस्त. चांगली ढोली पुन्हापुन्हा वापरली जाते. कोकणातली बरीच जंगलं खाजगी मालकीची. ‘पोकळ झालंय’ म्हणून पहिला घाव अशाच झाडावर पडतो.

प्रश्न : धनेशासाठी काय लावावं?

उत्तर : वड, उंबर, काजरा. जूनच्या पहिल्या पावसात वडाची मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटांची फांदी तिसरा हिस्सा जमिनीत जाईल अशी रोवा. वरच्या कापावर शेण थापा. विहीर आणि घरापासून चाळीस फूट तरी दूर, नाहीतर मुळं चिरेबंदीत शिरतात.

ढोलीखाली पडलेल्या बिया वेचा, पण पिल्लं उडाल्यावरच. वेचल्या की लगेच पेरा, कित्येक जंगली बिया वाळल्या की रुजत नाहीत. काजऱ्याची चपटी, बटणासारखी बी विषारी असते. धनेश गर खाऊन ती टाकून देतो. मुलांना वेचायला लावू नका.